दोन बाजूंची निळी टोपी : प्रकल्प नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, दसरा
शिलाई मशीनला तेल घातलं, फूल वाहिलं, आणि मुहूर्त साधून वहीत नवं काम लिहून टाकलं : भारताच्या महिला संघासाठी टोपी.

विश्वचषक परवा गुवाहाटीला सुरू झाला. पहिल्याच सामन्यात आपण श्रीलंकेला हरवलं. बंगळूरूचे सामने तिथून हलवून नवी मुंबईला दिलेत, म्हणजे आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. २३ ऑक्टोबरला तिथे भारत-न्यूझीलंड आहे आणि त्याच दिवशी भाऊबीज! तिकिटं शंभर रुपयांपासून. दादाने सांगलीहूनच ऑनलाइन काढली. तो, वहिनी, भाची आणि मी.

टोपी विकत का घ्यायची नाही, ते लिहून ठेवते. निळ्या टोप्या बाजारात ढिगाने मिळतात. पण टोपीवर १८ दिसला की लोक विराट म्हणतात. स्मृती मानधनाचाही नंबर १८च. तिच्यासाठी टोपी घालायची तर नंबरासोबत नाव हवं, देवनागरीत, आणि चार रांगा लांबून वाचता येईल एवढं. असली टोपी कोणी विकत नाही, शिवावीच लागेल.

६ ऑक्टोबर
काल कोलंबोला पाकिस्तानला ८८ धावांनी हरवलं. रात्री सांगलीला फोन केला. भाचीच्या डोक्याचं माप हवं होतं. वहिनीने कपाळावरून, कानांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून दोरा फिरवला नि फूटपट्टीवर ताणून मोजला : २१ इंच. टोपी माझ्या नाही, तिच्या डोक्यासाठी आहे. ती अकरा वर्षांची आहे आणि शाळेच्या मैदानावर मुलांसोबत खेळते.

माप सांगून झाल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. "आत्या, त्यावर जेमिमाचं नाव घाल. स्मृती इथं सगळ्यांचीच आहे गं. माझी जेमिमा." म्हणजे जेमिमा रॉड्रिग्ज, संघातली फलंदाज.

सांगलीत राहून स्मृतीचं नाव नको म्हणायला धाडस लागतं. हे गाव विजय हजारेंचं. इथली एक पोरगी २०१३ साली महाराष्ट्राकडून एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ करते आणि पुढे भारताची उपकर्णधार होते, याचं आमच्या घरात कोण कौतुक! मी तर स्मृतीचीच. पण टोपी भाचीच्या डोक्यावर बसणार. तिला नको असलेलं नाव तिच्या कपाळावर शिवण्यात अर्थ नाही.

तोडगा : उलटसुलट घालता येईल अशी टोपी. बाहेरून निळी, स्मृती १८. आतून केशरी, जेमिमा ५. काम दुप्पट, पण अस्तर तसंही लावावंच लागलं असतं.

८ ऑक्टोबर
दादरला हिंदमाताला जाऊन आले. घेतलेलं सामान : निळं कॉटन ड्रिल पाऊण मीटर, केशरी पॉपलिन तेवढंच, नावांसाठी पांढऱ्या रुबियाचा (ब्लाउजच्या सुती कापडाचा) तुकडा, पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं ताठ अस्तर), केशरी आणि निळ्या धाग्याची रिळं. निळा रंग निवडायला वेळ लागला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच निळे छान दिसतात. गठ्ठा दारात आणून उन्हात पाहिला तेव्हा एक जांभळटपणाकडे झुकत होता, दुसरा शाळेच्या गणवेशाचा. तिसरा घेतला.

स्टेडियममध्ये तार, काठी, बॅटरीचे दिवे असलं काही नेऊ देत नाहीत. त्यामुळे कडेला ताठपणा आणायला तार घालायची नाही, तो शिलाईतूनच आणायचा. टोपीची उंचीही कमी ठेवायची. मागे बसलेल्याला खेळपट्टी दिसली पाहिजे, त्यानेही पैसे मोजलेत.

दोन्ही कापडं रात्रभर पाण्यात. सामना तीनला सुरू, ऑक्टोबरचं ऊन, घाम, आणि यंदा पाऊस अजून हटलेला नाही. रंग सुटायचा असेल तर तो आत्ता बादलीत सुटू दे.

१० ऑक्टोबर
निळ्याने पहिल्या पाण्यात थोडा रंग सोडला, दुसऱ्यात नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासूनही पाहिलं, फडकं स्वच्छ. केशरी पहिल्यापासूनच पक्का. लांबीत ड्रिल आटलंय. आधी भिजवलं नसतं तर पहिल्या धुण्यात टोपी भाचीच्या डोक्यावरून वर सरकली असती.

आज माप तपासायला मांजरपाटाची (जाड्याभरड्या सुती कापडाची) कच्ची टोपी. हिशेब असा. डोकं २१, त्यात अर्धा इंच सैल, म्हणजे घेर साडेएकवीस. वरची गोल चकती साडेसहा इंच व्यासाची. तिचा घेर साधारण २०.४ भरतो, म्हणजे बाजूची पट्टी खाली साडेएकवीस, वर त्याहून इंचभर कमी, उंची सव्वातीन. अशी निमुळती पट्टी सरळ कापून चालत नाही. तिला किंचित कमान द्यावी लागते, नाहीतर जोडताना कापड गोळा होतं. पट्टी दोन तुकड्यांत, जोड कानांवर.

खरी गंमत कडेत आहे. घेर साडेएकवीस म्हणजे त्रिज्या साधारण ३.४ इंच. तेवढ्या त्रिज्येचं भोक पाडून त्याभोवती अडीच इंचांचं सपाट कडं कापलं, तर बाहेरचा घेर सदतीसपर्यंत जातो आणि कडा डोक्याभोवती ताटलीगत आडवी राहते. ऊन अडतं, पण वारा आला की ती उचलली जाते. कडेला उतार हवा. त्यासाठी आतली कमान सव्वाचार इंच त्रिज्येने काढायची, पण पूर्ण वर्तुळ घ्यायचं नाही, साडेएकवीस इंच भरतील एवढाच भाग घ्यायचा. तो २९० अंशांच्या आसपास येतो. बाहेरचा घेर चौतीसवर उतरतो आणि दोन टोकं जोडली की कडा आपोआप खाली झुकते. समोर अडीच इंच, मागे पावणेदोन, कारण मागची कडा खुर्चीच्या पाठीला लागून टोपी पुढे ढकलत राहते.

मांजरपाटाची टोपी उशीवर चढवून बघितली. उतार छान आलाय.

काल विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेने तीन गडी राखून हरवलं. रिचा घोषच्या ९४ वाया गेल्या. जेमिमा शून्यावर.

१३ ऑक्टोबर
कापणी झाली. सगळीकडे अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड), फक्त कडेच्या बाहेरच्या अंगाला पाव. पेस्टिंग निळ्या कडेलाच लावलं. दोन्हीकडे लावलं की टोपी पुठ्ठ्यासारखी होते आणि पिशवीत घडी बसत नाही.

काल ऑस्ट्रेलियाने ३३० चा पाठलाग केला. स्मृतीने ८० केल्या, त्यात एका वर्षात हजार एकदिवसीय धावा करणारी ती पहिली महिला ठरली, आणि तरी आपण हरलो. ॲलिसा हीलीने १४२ ठोकल्या. सलग दुसरी हार. शेजारच्या काकू म्हणाल्या, "टोपी शिवून होईपर्यंत संघ राहतोय का स्पर्धेत?" मी त्यांना चहा दिला आणि कापत राहिले. टोपी निकालाची वाट बघत बसली तर ती कधीच शिवून व्हायची नाही.

१७ ऑक्टोबर
दिवाळीच्या सुट्टीला भाची आली. दादा-वहिनी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी येतील. मांजरपाटाची टोपी तिच्या डोक्यावर चढवली : बरोब्बर. वेणी घातली तरी बसते. तिने मान जोरजोरात हलवून, वाकून, चेंडू उचलल्यासारखं करून तपासलं. पडली नाही.

१९ ऑक्टोबर
आजचा दिवस अक्षरांचा. देवनागरी नाव कापडातून कापणं हे रोमन अक्षरं कापण्यापेक्षा सोपं आहे, असं माझं ठाम मत झालंय. रोमनमध्ये प्रत्येक अक्षर सुटं, एकेक चिकटवा, ओळ सरळ ठेवा. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. नाव एका अखंड तुकड्यात कापता येतं, आणि रेषा पट्टीच्या कडेला समांतर ठेवली की काम झालं.

स्मृतीला मात्र उंची लागते. वर वेलांटीचा फेटा, मध्ये अक्षरं, खाली ऋकाराचा आकडा. पट्टी सव्वातीन, वर-खाली माया जाऊन हातात सव्वादोन. म्हणून अक्षराचं अंग एक इंच, वर अर्धा, खाली अर्धा. ऋकार म च्या दांड्याला जिथे चिकटतो ती मान मुद्दाम जाड ठेवली, दोन सूत म्हणजे पाव इंच. तिथे कापड बारीक झालं की शिवताना तुटतं. अर्ध्या स ची शेपूट म मध्ये मिसळून टाकली, त्याने जोडही मजबूत झाला. म च्या गाठीतलं इवलंसं भोक कापत बसले नाही. तिथे निळ्या धाग्याचे दोन टाके घातले की डोळ्याला भोकच वाटतं.

जेमिमाला खाली काहीच लोंबत नाही. तिची अक्षरं त्यामुळे सव्वा इंचाची घेता आली, आणि भाचीने याचा जाहीर आनंद व्यक्त केला.

मग दुपारी इंदूरचा सामना लागला. इंग्लंडविरुद्धच्या संघात जेमिमा नव्हती. एक गोलंदाज वाढवायची म्हणून तिला बसवलं होतं. भाची टीव्हीसमोर गप्प झाली. माझ्या हातात रुबियाला पेस्टिंग लावून झालेलं, जेमिमाचं नाव खडूने काढलेलं, कात्री अजून लावायची होती. मी विचारलं, "बाळा, दुसरं नाव घालू या का? अजून वेळ आहे."

"आत्या, ती खेळत नाहीये म्हणून नाव काढायचं? तेव्हा तर जास्त लागतं ना."

मी कात्री लावली. जे, मि, मा. मि च्या वेलांटीचं वळण कापताना कात्री नव्हे, कापड फिरवायचं असतं, हे तिला दाखवलं. पुढचा मा आणि ५ चा आकडा तिने कापला.

आपण ४ धावांनी हरलो. स्मृतीच्या ८८. सलग तिसरी हार, आणि आता न्यूझीलंडविरुद्ध जिंकायलाच हवं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
सकाळी फराळाचे डबे भरून झाल्यावर नावं पट्ट्यांवर. आधी इस्त्रीने चिकटवली, मग भोवतीने हाताने काजटाका, काजाच्या कडेला घालतात तो. मशीनने लवकर झालं असतं, पण ऋकाराच्या आतल्या वळणात मशीनचा पाय वळत नाही. टाका दीड सूत खोल, एकमेकांना लागून. टोकांवर तीन टाके एकाच भोकातून पंख्यासारखे पसरायचे, म्हणजे कोपरा उसवत नाही. निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांना केशरी काठ, केशरी पट्टीवर निळा. मागच्या अर्ध्या पट्ट्यांवर १८ आणि ५.

जेमिमाचा ज भाचीने काजटाक्याने पूर्ण केला. तिचे टाके थोडे लांब-आखूड आहेत. ते तसेच राहतील.

२२ ऑक्टोबर, पाडवा
जुळणी. निळी टोपी वेगळी, केशरी वेगळी. चकती पट्टीला जोडताना दोन्हींवर चार चार खुणा केल्या आणि खुणेला खूण टाचली. मायेला अर्ध्या अर्ध्या इंचावर चीर दिली, नाहीतर गोलाई वळत नाही. मग दोन्ही टोप्यांच्या सुलट बाजू आतून एकमेकींवर ठेवून बाहेरच्या कडेने टीप मारली, मागे हात जाईल एवढी फट सोडली, त्यातून सगळं उलटवून बाहेर काढलं आणि इस्त्री. दादा तेवढ्यात आला, त्याने बाहेर येणारी टोपी पाहिली आणि म्हणाला, "हे म्हणजे करंजीसारखंच झालं की." वहिनी हसल्या. भाजणीची चकली हातात घेऊनच त्या मशीनजवळ बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, "वहिनी, तेलाचे हात लांब ठेवा हं."

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात देखणं काम : कडेवरच्या टिपा. बाहेरच्या अंगापासून आत पाव पाव इंचावर गोल गोल टिपा मारत गेले. तार नसतानाही कडा यानेच उभी राहते. वरचा धागा केशरी, बॉबिनमध्ये निळा. त्यामुळे निळ्या बाजूला केशरी रेषा उमटल्या आणि केशरी बाजूला निळ्या. यासाठी दोन्ही धाग्यांचा ताण अगदी सारखा लागतो. वरचा जरा घट्ट झाला की खालचा निळा ठिपका वर डोकावतो. चिंधीवर ताण जुळवून घेतला, मगच कडेला सुई लावली. फट याच टिपांत बंद झाली.

वजन हातात जाणवत नाही. घडी घालून खिशात जाते आणि झटकली की परत कडा उभी.

२४ ऑक्टोबर
काल सकाळीच ओवाळून घेतलं, जेवणं आटोपली, आणि दोनला आम्ही गेटवर. तपासणी करणाऱ्या ताईंनी टोपी हातात घेऊन कडा दाबून पाहिली, तार नाही हे कळल्यावर उलटी करून आतलं नाव वाचलं आणि विचारलं, "कुठे मिळाली?" भाचीने माझ्याकडे बोट दाखवलं.

आमची जागा अशी की चारनंतर ऊन थेट तोंडावर. अडीच इंचांची कडा पुरली. डोळे पूर्ण सावलीत होते. भाचीने निळी बाजू वर ठेवली होती, सलामीला स्मृती म्हणून. स्मृती आणि प्रतिका रावल यांनी २१२ ची सलामी दिली. स्मृती १०९, प्रतिका १२२. शतकाला टोपी हवेत गेली आणि तीन रांगा खाली पडली. हातोहात परत आली, नाव असण्याचा हाही एक फायदा. "स्मृती कोणाची?" असं ओरडतच लोकांनी ती वर पोचवली.

पहिला गडी पडल्यावर तिसऱ्या क्रमांकावर जेमिमा आली. संघात परत आणि तेही बढती देऊन. भाचीने टोपी उलटी केली. नाबाद ७६. पाऊसही येऊन गेला, केशरी बाजू चांगली भिजली. पांढऱ्या अक्षरांवर रंगाचा एक डाग नाही. ३४० धावा, मग षटकं कमी करून न्यूझीलंडला ४४ षटकांत ३२५ चं लक्ष्य, आणि आपण ५३ धावांनी जिंकून उपांत्य फेरीत.

२७ ऑक्टोबर
काल बांगलादेशचा सामना पावसाने वाहून गेला. त्यात प्रतिकाचा घोटा दुखावला, ती आता खेळणार नाही. फार वाईट वाटलं.

टोपी थंड पाण्यात साबणाने धुतली, पिळली नाही, पालथ्या पातेल्यावर वाळवली. आतल्या बाजूला कपाळाच्या ओळीत घाम धरतो. दोन्हीकडून घालायची टोपी असल्याने घामपट्टी लावता येत नाही. उपाय म्हणून जोडाच्या ओळीवर उरेब, म्हणजे कापडातून तिरकी कापलेली, पट्टी बसवली, दोन्ही बाजूंना, मऊ सुती. उरेब कापलेली पट्टी गोलाईवर सुरकुती न पडता बसते.

३१ ऑक्टोबर
आज हात कामाला लागत नाहीत, पण नोंद झालीच पाहिजे.

उपांत्य सामन्याची दोनच तिकिटं मिळाली, भाची आणि मी. ऑस्ट्रेलिया ३३८. प्रतिकाच्या जागी आलेली शफाली लवकर गेली. स्मृती २४ वर बाद झाली तेव्हा आमच्या आसपासचे लोक खाली बसले. जेमिमा तोवर आली होती. टोपी केशरी बाजूला वळली आणि मग रात्रभर ती बाजू कोणी बदलू दिली नाही. मागच्या रांगेतले एक आजोबा दर षटकाला बजावत होते, "बाळ, हलवू नको हां टोपी." कर्णधार हरमनप्रीतच्या ८९. ती गेल्यावरही जेमिमा उभी. नाबाद १२७. ३४१ धावा, पाच गडी राखून, महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग. जिंकल्यावर ती मैदानातच रडली, आणि भाची खुर्चीवर उभी राहून. अकरा दिवसांपूर्वी जेमिमाला संघाबाहेर बसवलं होतं.

टोपीची अवस्था : मि च्या वेलांटीवर दोन टाके सैल. भाची सामनाभर तिथेच बोट फिरवत होती. दुरुस्त केले. कडा जशीच्या तशी.

३ नोव्हेंबर
अंतिम सामन्याची तिकिटं मिळाली नाहीत. सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. पावसामुळे तीनऐवजी पाचला सुरू, संपायला मध्यरात्र. शफाली ८७, दीप्ती ५८ आणि वर पाच बळी. दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्व्हार्टने १०१ करून जीव टांगणीला लावला होता, अमनजोतने तिचा झेल तीनदा उडवत धरला. ५२ धावांनी विश्वविजेते. २००५ ला हरलो, २०१७ ला लॉर्ड्सवर ९ धावांनी हरलो, आणि आता आमच्याच नेरूळमध्ये कप. प्रशिक्षक अमोल मुझुमदारांना पाहून दादा कितीतरी वेळ टाळ्या वाजवत राहिला. मुंबईसाठी इतक्या धावा करूनही ज्यांना भारताची टोपी कधी मिळाली नाही, ते तिथे उभे होते.

सोसायटीतल्या मुलींनी टोपी डोक्यावर घालून घालून फोटो काढले आणि आज सकाळी मागण्या आल्या. नावं वेगवेगळी : दीप्ती, शफाली, रिचा, राधा. एकीला प्रतिका हवी आहे, आणि ती मी सगळ्यात आधी शिवणार आहे.

नमुन्यात करायचे बदल. लहान डोक्यांना बाजूची पट्टी सव्वातीनऐवजी तीन. पण दीप्ती असेल तर सव्वातीनच, कारण प च्या अर्ध्या अंगाला त खेटून येतो आणि वर वेलांटी, अक्षरं एक इंचाच्या खाली गेली तर वाचता येणार नाहीत. उरेब पट्टी सुरुवातीलाच जोडात धरायची. २०, २१ आणि २२ इंचांचे कागदी नमुने पुठ्ठ्यावर उतरवून त्यांना भोक पाडून खिळ्याला अडकवायचे. निळं ड्रिल दीड मीटर आणायचं, त्याच गठ्ठ्यातलं मिळालं तर उत्तम. भाची परवा सांगलीला जाते. तिला मांजरपाटाची टोपी, सुई आणि केशरी धाग्याचं रीळ दिलंय. काजटाका येतोच तिला आता.